मुसीच्या पुरापासून चौऱ्याऐंशी गावांपर्यंत : हैदराबादेतील भूवापराचे नियम आणि स्थानिक संस्था

प्रस्तावना

कोणत्या जमिनीवर वस्ती असावी, कारखाना कोठे चालावा आणि कोणता भाग मोकळा ठेवावा, हे ठरविणाऱ्या नियमांना भूवापराचे किंवा विभागीकरणाचे नियम म्हणतात. कायदा राज्य शासनाचा असतो. त्याची अंमलबजावणी मात्र महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांच्या हातून होते. राज्याने कायदा बदलला की स्थानिक संस्थांना आपले नकाशे, नियमावल्या आणि परवाने देण्याची पद्धत बदलावी लागते. हा बदल खालपर्यंत पोचला नाही किंवा बदल करताना मूळ नियमाचे कारण विसरले गेले, तर काय घडते याचा अभ्यास करण्यास हैदराबादचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास उपयुक्त आहे. प्रस्तुत निबंधात उस्मान सागर व हिमायत सागर या दोन तलावांच्या पाणलोट क्षेत्रातील नियमांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पूर आणि दोन तलाव

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. हजारो माणसे दगावली. उर्दूतील रुबाईकार अमजद हैदराबादी यांनी याच पुरात आपली आई, पत्नी आणि मुलगी गमावली. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले असे सांगतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १९०९ मध्ये अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. शहराच्या वरच्या बाजूस नदीचे पाणी अडवून धरावे, म्हणजे पूर शहरात शिरणार नाही, असा त्यांच्या सूचनेचा आशय होता. त्यानुसार मुसीवर १९२० मध्ये उस्मान सागर आणि तिची उपनदी ईसीवर १९२७ मध्ये हिमायत सागर पूर्ण झाला. पुढे हेच तलाव शहराला पिण्याचे पाणी पुरवू लागले. ‘गंडीपेट का पानी’ प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे दख्खनी बोलीत म्हटले जाते, ते गंडीपेट म्हणजेच उस्मान सागर.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. हे तलाव पुरापासून रक्षण व्हावे म्हणून प्रथम बांधले गेले. पिण्याच्या पाण्याचा उपयोग महत्त्वाचा खरा, परंतु त्यांचे ते एकमेव प्रयोजन नव्हते. पुढील सर्व वादात नेमका याच गोष्टीचा विसर पडलेला दिसतो.

पुरानंतर शहराच्या रचनेसाठी १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. उर्दूत त्याला ‘आराइश-ए-बल्दा’ म्हणत. बल्दा म्हणजे शहर आणि आराइश म्हणजे सजावट. दाट वस्त्या मोकळ्या करणे, रस्ते रुंद करणे आणि घरे बांधणे ही कामे या मंडळाने केली. पत्थरगट्टीची दगडी कमानींची बाजारपेठ हे त्याचे ठळक उदाहरण होय. मंडळाच्या हाती आराखडा, पैसा आणि कामगार एकत्र होते. ही स्थिती नंतरच्या काळात राहिली नाही.

कायद्यांचे थर

हैदराबाद राज्याच्या विधानसभेत, म्हणजे मराठवाड्याचे सदस्यही ज्या सभागृहात बसत होते तेथे, हैदराबाद महानगरपालिका अधिनियम, १९५५ संमत झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची पुनर्रचना झाली. मराठवाडा तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. शहराचा कायदा मात्र टिकून राहिला. १९६० मध्ये हैदराबाद व सिकंदराबाद या महानगरपालिका एक झाल्या. १९७५ च्या आंध्र प्रदेश नागरी क्षेत्र (विकास) अधिनियमाने हैदराबाद नागरी विकास प्राधिकरण अस्तित्वात आणले आणि १९८१ मध्ये विभागीकरणाची नियमावली आली.

अशा रीतीने थरावर थर चढत गेले. शहराबाहेरच्या गावांत नकाशा प्राधिकरणाचा, जमिनीची नोंद महसूल खात्याची आणि बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीची, अशी तीन दारे तयार झाली. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या अनुसूचीत नगररचनेचा विषय पहिल्या क्रमांकावर ठेवला. अधिकार कागदावर आले. ते वापरण्यास लागणारे नकाशे आणि जाणकार कर्मचारी त्या प्रमाणात आले नाहीत.

आदेश क्रमांक १११

तलावांच्या भोवती वस्ती व उद्योग वाढू लागल्यावर आंध्र प्रदेश सरकारने ८ मार्च १९९६ रोजी शासकीय आदेश क्रमांक १११ काढला. तलावांच्या पूर्ण जलपातळीपासून १० किलोमीटर परिसरातील ८४ गावांना तो लागू झाला. प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांना बंदी, ९० टक्के क्षेत्र मनोरंजन व संवर्धन यांसाठी राखीव, भूखंडांच्या आखणीत ६० टक्के जागा मोकळी जागा व रस्ते यांसाठी आणि चटई क्षेत्र निर्देशांक केवळ ०.५, अशा त्याच्या तरतुदी होत्या. शहराच्या हितासाठी आखलेला हा कडक नियम होता.

त्याची परीक्षा त्याच वर्षी झाली. शमशाबाद मंडळातील पेद्दशापूर येथे एरंडेल तेलापासूनच्या रसायनांचा एक कारखाना उभारण्याचा प्रस्ताव होता. जागा निषिद्ध क्षेत्रात येत असल्याने उद्योग आयुक्तांनी दुसरी जागा शोधण्यास सांगितले. तरीही १९९६ मध्येच ग्रामपंचायतीने बांधकामाचे नकाशे मंजूर केले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन अकृषिक वापरासाठी बदलून दिली. १९९७ मध्ये खुद्द राज्य सरकारने या उद्योगास आदेश १११ मधून सूट दिली. नकार देण्याची जबाबदारी शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळावर पडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारी १९९९ च्या निकालात न्यायालयाने सावधगिरीच्या तत्त्वाचा सविस्तर ऊहापोह केला. धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योगाची आहे, असे त्यात म्हटले होते. १ डिसेंबर २००० च्या निकालाने ही सूट टिकली नाही.

या प्रकरणावरून आदेश १११ विषयी एक निष्कर्ष निघतो. आदेश मोडला तो कोण्या एका गावाने नव्हे. ग्रामपंचायत, जिल्हा प्रशासन आणि मंत्रालय या तिन्ही पातळ्यांवर तो निसटला. कारण प्रत्येक दारावर वेगळे कागद होते आणि नवा नियम प्रत्येक कागदाशी जोडला गेला नव्हता.

गावांची बाजू

नियमाचा भार कोणी उचलला, हाही प्रश्न आहे. शेजारी हायटेक सिटी उभी राहत असताना आणि २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू होत असताना ८४ गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनीचा भाव बांधलेला राहिला. त्याची भरपाई आदेशात नव्हती. दुसरीकडे फार्महाऊस, महाविद्यालये आणि मंगल कार्यालये याच क्षेत्रात उभी राहिली. ज्याच्याकडे वकील आणि ओळख होती त्याला वाट सापडली. लहान शेतकऱ्याला घराची खोली वाढवितानाही अडचण आली. म्हणूनच आदेश रद्द करण्याची मागणी गावांतून पुनःपुन्हा होत राहिली. ती निव्वळ लोभापोटी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दरम्यान २००४ मध्ये कृष्णेचे आणि २०१५ मध्ये गोदावरीचे पाणी शहरात आले. हे दोन तलाव आता शहराच्या गरजेच्या १.२५ टक्क्यांहूनही कमी पाणी पुरवितात, या कारणावरून तेलंगण सरकारने १२ एप्रिल २०२२ रोजी आदेश क्रमांक ६९ काढून निर्बंध उठविले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे वगैरे अटी घातल्या. युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. पण तो केवळ पिण्याच्या पाण्याचा हिशेब करतो. १९०८ चा पूर त्यात कोठेही नाही. पाणलोटात सिमेंट वाढले की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वेगाने तलावात येते आणि दरवाजे लवकर उघडावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही तलावांतून पाणी सोडल्यावर मुसीचे पाणी शहरातील महात्मा गांधी बस स्थानकात शिरले. या पुराचे कारण आदेश ६९ होता असे म्हणता येणार नाही. मात्र तलावांचे पहिले काम अजून संपलेले नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

नवे कायदे, जुने काम

२०२० मध्ये दोन शेजारी राज्यांनी आपापले नियम बदलले. तेलंगणाने स्वयंप्रमाणनावर आधारित बांधकाम परवानगीचा कायदा केला. त्यानुसार ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरास फक्त नोंदणी पुरे, तर ५०० चौरस मीटरपर्यंत आणि १० मीटर उंचीपर्यंत मालकाच्या प्रतिज्ञेवर तत्काळ परवानगी मिळते. महाराष्ट्राने मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. नांदेड, लातूर किंवा परभणीच्या नगररचना विभागाला तेव्हापासून एकच पुस्तक उघडावे लागते. दोन्ही सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु स्वयंप्रमाणनात आपला भूखंड कोणत्या विभागात येतो हे मालकानेच जाणले पाहिजे. नकाशा त्याला वाचता येत नसेल, तर त्याची प्रतिज्ञा हा दुसऱ्या कोणी भरलेला कागद ठरतो आणि चुकीची शिक्षा मात्र त्याला होते.

समारोप

हैदराबादच्या अनुभवावरून नियम अद्ययावत करण्याच्या कामातील तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, बदलापूर्वी मूळ नियम कोणत्या कारणाने आला याची तपासणी व्हावी. दुसरी, परवाना देणाऱ्या सर्वांत खालच्या संस्थेच्या दप्तरात नवा नियम व नकाशा पोचल्याखेरीज तो लागू झाला असे मानू नये. तिसरी, निर्बंधाचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांचा मोबदला नियमातच असावा.

यात महाविद्यालयांनाही काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार योजनेतील फेरबदलाची सूचना प्रसिद्ध झाली की नागरिकांना हरकती व सूचना मांडता येतात. कलम ३७ खाली त्यासाठी सुमारे एक महिना मिळतो. तो महिना बहुतेक वेळा कोणाच्या लक्षात न येता संपतो. भूगोल, इतिहास व राज्यशास्त्र यांचे अध्यापक आणि भाषांचे शिक्षक यांनी त्या महिन्यात विद्यार्थ्यांसह आपल्या गावाचा नकाशा उघडून बसावे आणि त्यातील मजकूर सोप्या मराठीत व उर्दूत मांडावा. पेद्दशापूरच्या पंचायतीसमोर १९९६ साली असा नकाशा कोणी उलगडून ठेवला असता, तर चार वर्षांची न्यायालयीन लढाई कदाचित टळली असती.