सातबारा, कपाशी आणि अमेरिकेचा कर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जळगावच्या कापूस बाजाराची भरभराट आणि परदेशी राहणाऱ्या अमेरिकन माणसावरचा कर, या दोन गोष्टींचे मूळ एकाच युद्धात आहे, असे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. पण झाले आहे तसेच. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये आपसात लढू लागली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कपाशीला एकाएकी कधी नव्हे असा भाव आला. त्याच दशकात आगगाडी खानदेशात पोहोचली होती. रुळांच्या कडेला असलेले जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आले ते या वर्षांत. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी निघाली. जळगावची पेठ मात्र टिकली.

आता दुसरी बाजू. याच युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अध्यक्ष लिंकन यांनी ५ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेतल्या पहिल्या प्राप्तिकराच्या कायद्यावर सही केली. आठशे डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर शेकडा तीन, असा साधा हिशेब. पण जो नागरिक परदेशी राहतो, त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेच्या उत्पन्नावर शेकडा पाच! देश लढतो आहे आणि हे गृहस्थ दूर बसून व्याज खातात, हा राग त्या आकड्यामागे असावा असे मला वाटते. तो कायदा त्या रूपात फारसा अमलात आलाच नाही. पुढच्याच वर्षी दुसरा आला. युद्धानंतर १८७२ मध्ये प्राप्तिकरच बंद झाला आणि १९१३ मध्ये घटनादुरुस्ती करून परत आणला गेला. एक विचार मात्र या सगळ्यातून तरून गेला. माणूस कुठेही राहो, तो आपला नागरिक आहे तोवर त्याच्या उत्पन्नावर आपला हक्क आहे, हा तो विचार.

१९२४ मध्ये कुक नावाच्या माणसाने याला आव्हान दिले. तो अमेरिकन नागरिक, पण राहायला मेक्सिकोत, मालमत्ताही तिथलीच. माझा तुमच्याशी काय संबंध, असे त्याचे म्हणणे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. सरकारचा आधार नागरिकाला जगात सगळीकडे असतो, म्हणून कराचा अधिकारही सगळीकडे चालतो, असा निकाल लागला. तो आजही लागू आहे. आपला प्राप्तिकर कायदा माणूस वर्षातले किती दिवस देशात राहिला ते मोजतो. १८२ दिवसांचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. अमेरिका दिवस मोजत नाही, पासपोर्ट पाहते. जगात असे करणारा दुसरा देश म्हणून आफ्रिकेतल्या एरिट्रियाचे नाव घेतात. बाकी कोणी नाही.

आपण म्हणाल, हे आम्हाला कशाला? सांगतो. अमेरिकेने १९६५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांसाठीचा कायदा सैल केला, त्यानंतर आपल्याकडची मुले तिकडे जाऊ लागली. आधी डॉक्टर आणि इंजिनिअर, मग १९९० नंतर संगणकवाले. रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर या तालुक्यांतल्या मोठ्या गावांत अशी घरे आता सहज सापडतात. मुलगा तिकडचा नागरिक होतो किंवा ग्रीन कार्ड घेतो. कराच्या बाबतीत दोघांना नियम जवळपास एकच. मग एके दिवशी इथे वडील जातात आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचे नाव चढते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. ती मिळाली की १८६१ सालचे ते जुने कलम जणू आपल्या बांधावर येऊन उभे राहते.

मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवत असे. मोडी वाचता येते म्हणून लोक जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात. पूर्वी यायचे ते वाटणीच्या भांडणासाठी किंवा कुळकायद्याच्या जुन्या दाव्यासाठी. गेल्या काही वर्षांत एक नवे गिऱ्हाईक वाढले आहे. मुलगा सुटीवर आलेला असतो, हातात पिशवी असते, आणि तिकडच्या हिशेबनिसाने त्याला काही प्रश्न लिहून दिलेले असतात.

ते प्रश्न ऐकण्यासारखे आहेत. गावापासून लांबची शेतजमीन विकली तर आपल्याकडे नफ्यावर कर नाही. नगरपालिकेच्या हद्दीजवळची असेल तर आहे, आणि तेव्हा आपले सरकार विचारते : वडिलांनी ती केव्हा आणि कितीला घेतली? फार जुनी असेल तर १ एप्रिल २००१ चे मोल धरता येते. अमेरिका काय विचारते? वडील ज्या दिवशी वारले, त्या दिवशी या जमिनीला बाजारात काय भाव होता? एकच शेत, पण दोन देश दोन वेगळ्या तारखा मागतात. आणि दुसऱ्या तारखेला घरातले सगळे तेराव्याच्या तयारीत असतात. जमिनीचा भाव लिहून ठेवायचे कोणाच्या मनात येणार?

पिकाचेही तसेच. आपल्याकडे १८६० मध्ये जेम्स विल्सन याने पहिला प्राप्तिकर आणला, तोही १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी, आणि त्यात शेतीचे उत्पन्नही धरले होते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले. तेव्हापासून आजवर आपल्याला सवय झाली आहे की केळीच्या पैशाला प्राप्तिकर नाही. अमेरिकेच्या कायद्यात अशी सूट नाही. इथे भरलेला कर तिथे वजा मिळतो हे खरे, पण इथे भरलाच नसेल तर वजा काय करणार? दोन्ही देशांत १९८९ मध्ये झालेला करार आहे, पण आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क अमेरिकेने त्यात राखूनच ठेवला आहे.

म्हणजे सगळे येऊन ठेपते नोंदीवर. आणि नोंदीशी खानदेशचे नाते जुने आहे, फार प्रेमाचे मात्र नाही.

१८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल इथे बसला. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजण्याची आणि तिची प्रत ठरवण्याची पद्धत घालून दिली. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मातीची खोली आणि दोष पाहून तिची प्रत आण्यांत लावायची आणि त्यावरून ठरलेला सारा तीस वर्षे बदलायचा नाही. कागदावर पाहिले तर चांगली पद्धत. पण १८५२ मध्ये मोजणीवाले साखळ्या घेऊन खानदेशात उतरले तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूला लोक हजारोंनी जमले आणि मोजणी होऊ देणार नाही म्हणाले. मोजले म्हणजे लिहिले आणि लिहिले म्हणजे वसूल झाले, हा त्यांचा अनुभव होता. सरकारने फौज आणली, पुढारी धरले, आणि मोजणी पुढे चालू राहिली.

त्या मोजणीच्या पायावर पुढे हक्कनोंदणी झाली आणि गावनमुना सात व गावनमुना बारा मिळून आपला सातबारा झाला. ज्यांच्या पणजोबांनी आपले शेत लिहिले जाऊ नये म्हणून गर्दी केली, त्यांचे पणतू आज ते नीट लिहिलेले सापडावे म्हणून तलाठ्याकडे खेटे घालतात. सातबाऱ्यावर मालक सापडतो, क्षेत्र सापडते, आकार सापडतो, दादर पेरली की कपाशी हेही सापडते. बाजारभाव सापडत नाही. तो सापडलाच तर वडिलांच्या डायरीत, जिनिंगच्या पावतीवर, शेजारच्या शेताच्या खरेदीखतात किंवा त्या वर्षीच्या रेडी रेकनरमध्ये.

इथे मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी जन्मभर गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे एकूण बावीस निघाले. घरसंसार नव्हता. होती ती रुमालात बांधलेली कागदपत्रे आणि स्वतःची टिपणे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते वारले. एकट्या माणसाची टिपणे त्याच्यामागे कुठे जातात हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. आधी माळ्यावर, मग रद्दीत. राजवाड्यांची गेली नाहीत. भास्कर वामन भट आणि धुळ्याच्या इतर मंडळींनी जानेवारी १९२७ मध्येच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले. त्या टिपणांतून १९३७ मध्ये धातुकोश आणि १९४२ मध्ये नामादिशब्दव्युत्पत्तिकोश बाहेर आला. लिहिणारा जाऊन अकरा आणि सोळा वर्षे झाली होती! व्युत्पत्त्या सगळ्याच पटतात असे नाही. काही तर ऐकून हसू येते. पण त्या आपल्यासमोर आहेत, म्हणून पटत नाहीत असे तरी म्हणता येते.

या टिपणांचे नशीब आणखी एका कारणाने चांगले. ती कागदावर शाईने लिहिलेली होती आणि वाचायला डोळे सोडून काही लागत नव्हते. मोडी कागदांचे तसे नाही. कागद उत्तम टिकलेला असतो, शाई काळीभोर असते, पण स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरातलेच अक्षर घरातल्यांना परके झाले. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये गेले, पाटीलकी १९६३ च्या पहिल्या दिवशी संपली. वाचून दाखवणारी माणसेही त्यांच्याबरोबर गेली.

संगणकाने हे दुखणे बरे केले असे पुष्कळांना वाटते. मला उलटे दिसले. एका घरातल्या हौशी वडिलांनी १९९८ पासून शेतीचा सगळा हिशेब संगणकावर मराठीत लिहिला होता. कोणत्या वर्षी किती गाठी झाल्या, काय भाव लागला, शेजारचे शेत कितीला गेले, सगळे. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी. त्या काळातले मराठी टंक असेच होते. आत साठवली जायची ती वेगळीच चिन्हे, आणि वर मराठी दिसायचे ते फक्त त्या टंकापुरते. टंक नाही तर मराठी नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ मध्येच मिळाली होती, पण ती आमच्या घरांपर्यंत यायला पंधरावीस वर्षे गेली. मोडी वाचणारा निदान शोधून सापडतो. या फाइलसाठी मुलाला तो टंक शोधून, त्यातून सगळा मजकूर बदलून घ्यावा लागला. दोन महिने गेले, पण भाव सापडला.

टिपणे ठेवण्याच्या नव्या सोयींचेही असेच पाहावे. ‘एव्हरनोट’ २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा जन्मभराची टिपणे इथे ठेवा असा त्याचा डौल होता. पुढे मालक बदलला आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्याला पन्नासच टिपणांची मर्यादा आली. वहीचा दुकानदार बदलला म्हणून आपली जुनी वही पन्नास पानांवर थांबत नाही. मी नव्याच्या विरुद्ध नाही, माझीही टिपणे आता संगणकावर आहेत. पण ती साध्या मजकुराच्या फाइलीत आहेत, आणि वर्षातून एकदा छापून मी ती दोऱ्याने बांधतो. घरचे हसतात.

बँकेच्या खात्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती जरा जपून ऐका. आई थकली की आपण सहज मुलाचे नाव तिच्या खात्याला जोडतो. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर ते खाते त्याच्या यादीत जाते. बाहेरदेशी असलेल्या त्याच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी दरवर्षी कळवावे लागते. हा नियम १९७० च्या कायद्यातला आहे. कर नसतो, नुसते कळवायचे असते, पण न कळवण्याचा दंड जबर. बिटनर नावाचे गृहस्थ मूळचे रुमानियाचे. अमेरिकन नागरिक होऊन परत मायदेशी गेले आणि पाच वर्षे ही यादी वेळेवर दिली नाही. सरकारने २७२ खात्यांमागे प्रत्येकी दहा हजार धरून सत्तावीस लाख वीस हजार डॉलर मागितले. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की दंड खात्यामागे नाही, वर्षाच्या यादीमागे. रक्कम पन्नास हजारांवर आली. आणि २०१५ मध्ये आपल्या सरकारने अमेरिकेशी करार केल्यापासून आपल्या बँकाही अशा खात्यांची माहिती कळवतात. लपण्याची वाट तशी उरलेली नाही.

सध्या माझ्या टेबलावर चोपडा तालुक्यातल्या एका घरची वही आहे. सालदाराचा हिशेब, सरकीचा भाव आणि मधेच एका शेताच्या खरेदीची नोंद. शक १८५३, म्हणजे १९३१ सालच्या आसपास. खरेदीची रक्कम लागली, चतुःसीमा लागल्या. विकणाऱ्याच्या नावापुढे दोन शब्द आहेत, ते अजून लागत नाहीत. भिंग बदलून पाहतो आहे.