इनामगावची गोल घरे

महाराष्ट्रात खरे वाळवंट नाही. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागापासून जालना जिल्ह्यातील अंबड-अंकुशनगरपर्यंतच्या मुलखाला अवर्षणाचे भय नवे नाही. या भयाची प्राचीनता शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे तपासता येते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर यांनी सिद्ध केलेला अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

वसाहतीचे तीन कालखंड पडतात: माळवा (इ. स. पूर्व सुमारे १६०० ते १४००), पूर्व-जोर्वे (१४०० ते १०००) व उत्तर-जोर्वे (१००० ते ७००). पूर्व-जोर्वे काळातील घरे चौकोनी व प्रशस्त होती. पाणी खेळविण्यासाठी पाट व बांध घातलेले होते. सातू हे मुख्य धान्य, जोडीला गहू व कडधान्ये. उत्तर-जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गव्हाचे प्रमाण घटते, आणि शिकारीच्या हरणांची हाडे वाढतात. डॉ. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या शुष्कतेत शोधले. दायमाबादसारख्या प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील वसाहती इ. स. पूर्व १००० च्या सुमारास ओस पडल्या, हे त्यास पूरक ठरते.

मात्र गोल झोपडी म्हणजे दारिद्र्य, हे समीकरण जपूनच मांडावे लागते. माळवा काळातही खड्ड्यात केलेले निवासस्थान आढळले आहे, आणि तो काळ भरभराटीचाच मानला जातो. घराचा आकार रूढीने, सोयीने अथवा हंगामी वास्तव्यानेही बदलतो. दुष्काळाच्या बाजूने साक्ष देतात ती धान्ये व हाडे. झोपड्यांची साक्ष त्यांच्या आधारानेच ग्राह्य धरता येते.

दफनांची साक्ष निराळी आहे. मुले दोन कुंभांत, तोंडास तोंड लावून, आडवी पुरली जात. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा असे अनुमान आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. शेजारी धान्याचे कोठार होते. हे घर प्रमुखाचे मानले जाते, व ते पूर्व-जोर्वेच्या अखेरचे आहे. पुढच्या शतकांत हलाखी आली असली, तरी घरातल्या जमिनीखाली मृतास ठेवण्याची चाल सुटली नाही. ज्या गावास सोडून जाण्याची वेळ येत होती, तेथील माणसे आपल्या मृतांना तेथेच बांधून ठेवत होती.