चाकांवरचं घर आणि बैलांच्या पाठीवरचं घर : तांड्याच्या वाटेवर संशोधनप्रश्न कसा सापडतो

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या जोडप्यांचे व्हिडिओ सुरू होतात. नवरा-बायको एक व्हॅन घेतात, तिच्यात पलंग, चूल, पाण्याची टाकी बसवतात आणि तीन-चार महिने देशभर फिरतात. खाली कमेंटमध्ये लोक लिहितात, ‘काय नवीन कल्पना आहे!’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र इथे थांबून विचारावं : खरंच नवीन आहे का? आणि नवीन नसेल, तर आधी कोण असं जगत होतं, आणि त्याचा पुरावा कुठे मिळेल?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात की विषय कसा शोधायचा. माझं उत्तर साधं आहे. विषय आधीच भोवती असतो, शोधायचा असतो तो प्रश्न. म्हणून आज या व्हॅनपासून निघून यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यांपर्यंत जाऊ या आणि वाटेत प्रश्न कसा तयार होतो ते बघू या.

आधी अमेरिकेतलंच नीट बघू

व्हॅनमधलं जगणं अमेरिकेतही पहिल्यांदा घडत नाहीये. १८४० ते १८६० च्या दशकांत लाखो लोक छत लावलेल्या बैलगाड्यांतून ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे गेले. अंतर सुमारे दोन हजार मैल, वेळ साधारण पाच-सहा महिने. वसंतात गवत उगवलं की निघायचं आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत पार व्हायचं. पुढे १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, १९२० च्या दशकात मोटार घेऊन तंबूत राहायची हौस पसरली आणि १९५० पासून फोक्सवॅगनची व्हॅन बाजारात आली. २०१७ मध्ये जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक आलं. त्यातली माणसं हौशी नाहीत. २००८ च्या मंदीनंतर घरभाडं परवडेना म्हणून म्हातारपणी गाडीत राहायला आलेली आणि हंगामी कामांमागे फिरणारी माणसं आहेत ती.

म्हणजे बाहेरून एकच दिसणारी गोष्ट, चालतं घर, पण तिची कारणं तीन : जमिनीची आशा, सुट्टीची हौस आणि परवडत नसल्याची सक्ती. ही पहिली नोंद वहीत करून ठेवा. दिसायला सारख्या असलेल्या गोष्टी कारणांनी वेगळ्या असू शकतात.

आता दुसरी नोंद. ओरेगॉनच्या वाटेवर नवरा-बायको एकाच गाडीत होते, पण त्यांनी एकच प्रवास केला का? जॉन मॅक फॅरागर यांनी १९७९ मध्ये आणि लिलियन श्लिसेल यांनी १९८२ मध्ये या प्रश्नावर पुस्तकं लिहिली. दोघांचा मुख्य आधार म्हणजे प्रवाशांच्या डायऱ्या. त्यांतून दिसतं की निघायचा निर्णय बहुतेक वेळा पुरुषाचा असायचा. बायकांच्या डायऱ्यांत मागे राहिलेली माणसं, आजारपणं, बाळंतपणं आणि वाटेतल्या थडग्यांची मोजदाद जास्त येते. गाडी एक आणि प्रवास दोन, असं म्हणायला हरकत नाही.

आपला प्रश्न इथून सुरू होतो. घरच हलतं असेल, तर त्यातल्या बाईचा प्रवास कोण लिहून ठेवतं?

यवतमाळकडे वळू

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या भागांत फिरलात तर गावाच्या नावापुढे ‘तांडा’ हा शब्द जागोजागी भेटतो. आज तांडा म्हणजे वस्ती. पण मूळ अर्थ वस्तीचा नाही, चालत्या काफिल्याचा आहे. बंजारा समाज, जो स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणवतो, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ, कापूस वाहून न्यायचा. या व्यवसायाला ‘लदेणी’ म्हणतात. शब्द फिरण्याचा होता आणि तो थांबण्याचा झाला. एका शब्दाचा अर्थ असा उलटतो तेव्हा समजायचं की खाली बराच इतिहास पुरलेला आहे.

लदेणी केवढी मोठी होती? ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तर भारतात एक तांडा भेटला. त्याने चौदा हजार बैलांची नोंद केली आहे. आपल्या कामाचं मात्र पुढेच आहे : तो लिहितो की हे लोक बायका-मुलांसह सगळा संसार बरोबर घेऊन चालतात, एका तांड्यात अनेक कुटुंबं असतात, दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त जात नाहीत, आणि प्रसंग आला तर बायकाही पुरुषांसारख्या लढतात. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांचे काफिले वर्णिले आहेत. असा काफिला समोरून आला की वाटसरूंना कधीकधी दोन-तीन दिवस खोळंबावं लागे, असं तो सांगतो.

वऱ्हाडचा कापूस रेल्वे यायच्या आधी बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने दख्खनची मोहीम केली, असई, अडगाव, गाविलगड इथे लढाया झाल्या, तेव्हा फौजेच्या धान्याची मोठी भिस्त बंजाऱ्यांवर होती. थोडक्यात, हे लोक वाट चुकलेले भटके नव्हते. त्यांची वाट ठरलेली होती, आणि पेठ असो की फौज, दोघांनाही त्यांची गरज होती.

आणि हंगामही ठरलेला. वऱ्हाडातली काळी माती पावसात कशी होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. बैलाचा पाय गुडघाभर रुततो. म्हणून पावसाळ्यात मुक्काम आणि उघडीप झाली की वाट. अमेरिकेच्या गाड्यांना बर्फ थांबवायचा, आपल्या तांड्याला चिखल. तीज हा बंजाऱ्यांचा मोठा सण श्रावणात येतो. कुमारिका टोपल्यांत गहू पेरून तो रोज पाणी घालून वाढवतात. पेरून उगवण्याची वाट बघायला एका जागी थांबावं लागतं. सणाची वेळ आणि मुक्कामाचा काळ यांचा मेळ बसतो, हा माझा तर्क आहे. पुरावा नव्हे. प्रबंधात हा फरक स्पष्ट लिहायचा असतो.

लिहिलं कोणी, आणि कशासाठी?

आता साधनांकडे येऊ. बंजाऱ्यांवरचं इंग्रजी लेखन आपल्याला सहज मिळतं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांचा निबंध १८१९ चा. वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांचा वृत्तान्त बहुधा १८६९ चा, पुन्हा छापला १८८२ मध्ये. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातला बंजाऱ्यांवरचा भाग मुख्यतः याच वृत्तान्तावर उभा आहे. इथे सावध व्हा. तुम्ही दोन ग्रंथांचे दाखले दिलेत तरी साक्षीदार एकच असू शकतो. एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने उतरवून घेतलं, तर ती दोन मतं होत नाहीत.

दुसरं म्हणजे साक्षीदार पोलीस आहे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हे सरकारी गृहीतक होतं. पोलिसाच्या नजरेला तांड्यात काय दिसणार? कोण कुठे मुक्काम करतो, कोण कोणाचा नातलग, कोणावर नजर ठेवायची. माहिती खोटी असेलच असं नाही, पण ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून गोळा झाली ते विसरून चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. जंगी आणि भंगी या राठोड नायकांची कथा प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे १,८०,००० बैल होते, शाहजहानच्या वजिराच्या फौजेबरोबर ते १६३० च्या सुमारास दख्खनेत आले, आणि त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला : कुठेही पाणी घ्या, छपराचं गवत घ्या, दिवसाला तीन खून माफ. या कथेत वजिराचं नाव कधी आसफ खान येतं, तर कधी आसफजाह. आसफ खान शाहजहानचा वजीर. हैदराबादचे आसफजाह म्हणजे निजाम-उल-मुल्क, त्यांचा कारभार १७२४ पासूनचा. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं आहेत.

मग कथा फेकून द्यायची का? नाही. प्रश्न बदलायचा. ‘हे घडलं का?’ याऐवजी ‘ही कथा सांगायची गरज कोणाला आणि कधी पडली?’ असं विचारून बघा. पाणी, गवत आणि वाटेवरची सुरक्षितता यांचा हक्क त्यात मागितला आहे. कुरणं वनखात्याकडे जात होती, १८७८ चा वनकायदा येत होता, त्या काळात ‘आम्हाला बादशहाने हक्क दिलाय’ ही आठवण टिकून राहते, याला अर्थ आहे.

बायकांची डायरी कुठे आहे?

ओरेगॉनच्या बायकांच्या डायऱ्या आहेत. लदेणीवरच्या गोर बाईची नाही. इथेच बरेच विद्यार्थी ‘साधनं उपलब्ध नाहीत’ असं वाक्य लिहून प्रकरण संपवतात. तसं करू नका. साधनं असतात, फक्त ती कागदावर नसतात.

पहिलं साधन म्हणजे ढावलो. लग्न होऊन निघालेली मुलगी रडत-गात माहेराचा निरोप घेते, ते हे गाणं. सजवलेल्या बैलावर उभं राहून ‘हवेली’ म्हणायचीही रीत आहे. विचार करा, गावात राहणाऱ्या मुलीचं माहेर निदान एका जागी असतं. इथे माहेरही चालतं आणि सासरही. दोन तांडे पुन्हा कधी एकमेकांच्या वाटेवर येतील याची खात्री नाही. त्या रडण्याचं वजन या भूगोलाशिवाय कळणार नाही.

दुसरं साधन म्हणजे पेहराव. फेटिया आणि काचळीवर आरसे, नाणी आणि कवड्या असतात. कवडी समुद्रातली, आणि यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. घरातली संपत्ती अंगावर वागवणं हे चालत्या घराचं अर्थशास्त्र आहे. फक्त एक काळजी घ्या : आज दिसणारा पोशाख तीनशे वर्षांपूर्वीही असाच होता असं गृहीत धरू नका. कापड बदलतं, नाणी तर बदलतातच.

तिसरं म्हणजे वाटेचे नियम. इंग्रजी वृत्तान्तांत हटाडिया नावाच्या बैलाचा उल्लेख येतो. त्याच्यावर ओझं लादत नसत, लाल रेशीम, घंटा आणि कवड्यांनी त्याला सजवत. तो पुढे चाले आणि दमून जिथे बसे तिथे तांड्याचा मुक्काम पडे. म्हणजे ‘आज कुठे थांबायचं’ हा निर्णय निदान रीतीपुरता तरी नवऱ्याचा नाही, बायकोचा नाही, नायकाचाही नाही. हे प्रत्यक्षात कितपत पाळलं जाई, आणि पाल ठोकायला, पाणी आणायला त्या जागेहून कोण किती लांब जाई, हे जुन्या बायकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळणार नाही. गोरबोली शिकणं हा या विषयाचा पर्यायी नाही, अनिवार्य पेपर आहे. लेखी आत्मकथनांतही आत्माराम राठोड यांचं ‘तांडा’ आहे. ते वाचताना लेखक पुरुष आहे हेही टिपून ठेवा.

तांडा थांबला कसा?

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६४ मध्ये जो जिल्हा झाला त्याला पुढे वणी हे नाव मिळालं. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस आता बंडीत भरून धामणगाव स्टेशनापर्यंत नेला की काम झालं. मिर्झापूरची वाट संपली. बैल होते, वाहायला माल नव्हता. काही तांडे शेतीत स्थिरावले, काही मजुरीत. पुसदजवळच्या गहुलीत १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पण सगळ्यांची वाट अशी वर गेली नाही. आजही दसरा-दिवाळीनंतर अनेक तांडे रिकामे होतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. तिथे हिशोब माणसावर नसतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. जोडप्याचा हंगामी प्रवास संपलेला नाही, फक्त बैलांचा मालक आता उचल घेतलेला मजूर झाला आहे.

हे सगळं आज कशाला?

कारण थांबण्याच्या जागेने लोकांचं नशीब ठरवलं. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा. तिथे लंबाडा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीत आले. नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रात, बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये आहेत. कर्नाटकात तेच लोक अनुसूचित जातीत. एकाच लदेणीच्या वाटेवरचे तीन मुक्काम आणि तीन दाखले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, त्यानंतर बंजारा समाजाने त्याच गॅझेटवर बोट ठेवून अनुसूचित जमातीची मागणी लावून धरली. आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे. आपल्या वाट्याला आणखी वाटेकरी येतील ही त्यांची भीतीही ऐकून घ्यायला हवी.

इतिहासकाराचं काम इथे निकाल देणं नाही. पण शंभर वर्षांपूर्वीचं गॅझेट कोणी, कोणत्या हेतूने लिहिलं, आणि फिरणाऱ्या लोकांना एका तालुक्यात, एका रकान्यात बसवताना काय सुटलं, हे सांगणं नक्कीच आपलं काम आहे. जुनी ओळ आज कोणाच्या तरी फीमाफीचा, नोकरीचा पुरावा ठरते. म्हणून साधनचिकित्सा हा नेटच्या परीक्षेपुरता शब्द नाही.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा हे चार टप्पे करून बघा. एक, रोज दिसणाऱ्या गोष्टीला ‘हे आधी कोण करत होतं?’ विचारा. दोन, दुसऱ्या देशातल्या अभ्यासातून प्रश्न उसना घ्या, उत्तर नको. तीन, प्रत्येक साधनापुढे लिहिणाऱ्याचा हुद्दा लिहा, आणि त्याने कोणाकडून उतरवून घेतलं तेही. चार, साधनांत जो माणूस गप्प आहे त्याचं गाणं, कपडा, सण, नातं तपासा. सुरुवात तुमच्याच तालुक्यातल्या एका तांड्यापासून करा : तो तिथे कोणत्या साली थांबला, कोणत्या कारणाने, आणि त्याआधीचा मुक्काम कुठे होता? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन-तीन आजींकडून स्वतंत्रपणे घ्या. ती जुळणार नाहीत. न जुळलेली जागा नेमकी कुठली, ते वहीत लिहा. तुमचं पहिलं प्रकरण तिथे सुरू होतं.