तीन मृत्यूंचा तालुका आणि सिंगूरच्या दोन याद्या

समजा, तुम्ही एका जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यावर काम करताय. केंद्र सरकारचं एचएमआयएस पोर्टल उघडलं, वर्ष निवडलं आणि अर्भकमृत्यूंचा तक्ता समोर आला. एका तालुक्यात 40 मृत्यू, शेजारच्या तालुक्यात फक्त 3. लोकसंख्या जवळपास सारखीच. आता नवजात बाळांसाठीच्या खाटा कुठे वाढवायच्या?

बहुतेक जण म्हणतील, 40 वाल्या तालुक्यात. पण थांबा. कदाचित तिथे आशाताई आणि एएनएम प्रत्येक मृत्यू इमानाने लिहीत असतील आणि 3 वाल्या तालुक्यात कुणी लिहीतच नसेल. तसं असेल तर तुमचा आराखडा ज्या बाळांना गरज आहे नेमकं त्यांनाच वगळेल. हा प्रश्न पोर्टलच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्यावरचं एक सुंदर उत्तर भारतातल्याच एका गावच्या आकड्यांवर बेतलेलं आहे.

कलकत्त्याजवळ सिंगूर नावाचं ठिकाण आहे. तिथे अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्थेचं केंद्र होतं. 1940च्या दशकात तिथल्या जन्म-मृत्यूंच्या दोन याद्या हाताशी होत्या. एक सरकारी निबंधकाची, दुसरी घरोघर जाऊन विचारून केलेली. दोन्ही अपुऱ्या. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 साली एक पद्धत मांडली. कुठली यादी खरी, यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही याद्या नावानिशी जुळवून पाहायच्या.

साधं उदाहरण घेऊ (आकडे काल्पनिक आहेत). निबंधकाकडे 80 मृत्यू, घरोघरच्या पाहणीत 90, दोन्हीकडे सापडणारे 72. म्हणजे पाहणीतल्या 90 पैकी 72, म्हणजेच 80 टक्के, निबंधकाने पकडले. मग त्याचे 80 हे एकूण मृत्यूंच्या 80 टक्के मानायचे, म्हणजे एकूण 100. दोन्ही याद्या मिळून 98 नावं होतात, याचा अर्थ दोघांच्याही नजरेतून 2 सुटले. न मोजलेल्यांचा अंदाज मोजलेल्यांवरून!

अट मात्र एक आहे. याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एकीतून दुसरी उतरवली, तर जुळणी छान दिसते आणि सुटलेले सुटलेलेच राहतात.

याच विचारावर पुढे नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस, उभी राहिली. निवडक गावांत आणि वस्त्यांत एक गणक सतत नोंद ठेवतो, सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्र पाहणी करतो आणि मग दोन्ही नोंदी जुळवतात. न जुळलेल्या नोंदी पुन्हा तपासतात. पण एसआरएसचा नमुना राज्यपातळीसाठी आहे, तुमच्या तालुक्याचा दर त्यातून मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीपासून (2015-16) देशातल्या सगळ्या जिल्ह्यांची पत्रकं मिळतात, पण बालमृत्यूदर त्यातही नाही. मग तालुक्यासाठी उरतं काय? 2008 पासूनचं एचएमआयएस आणि 1969च्या कायद्याखालची जन्म-मृत्यू नोंदणी. दोन्ही ठिकाणी कुणीतरी कळवलं तरच आकडा येतो.

कळवलं नाही तर काय होतं, हे आपल्या गडचिरोलीने दाखवलंय. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या चमूने दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. त्या काळी दवाखान्याच्या नोंदींवरून आराखडा केला असता, तर या स्त्रिया त्यात आल्याच नसत्या.

म्हणून पोर्टल वापरू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पोर्टलमुळे कुठे जायचं ते कळतं. तालुक्यांची तुलना करताना फक्त मृत्यू पाहू नका. त्याच तालुक्यातली गरोदर मातांची नोंदणी, प्रसूती, लसीकरण शेजारी मांडा. प्रसूती हजारो आणि मृत्यू तीन, हे गणित जमतंय का? लसीकरण 100 टक्क्यांच्या वर दिसलं तर हसू नका, छेद तपासा. 2021ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे छेदातली लोकसंख्या बऱ्याचदा 2011 वरून पुढे मोजलेली असते.

मग संशयास्पद तालुक्यातली चार-पाच गावं निवडा. परवानगी काढा, नावं गोपनीय ठेवा आणि आशाताईंची वही ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीशी जुळवा. आणि पहिल्याच दिवशी विचारा, ग्रामसेवकांना मृत्यू कळवतं कोण? आशाताईच कळवत असतील, तर तुमच्याकडे दोन याद्या नाहीत, एकच आहे. तेव्हा तिसरी यादी तुम्हालाच घरोघर फिरून करावी लागेल.

प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात एवढा एक परिच्छेद तरी नक्की लिहा: हा आकडा कुणी लिहिला, कुणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि कोण सुटलं असण्याची शक्यता आहे. 3 वाल्या तालुक्याला खाटा द्यायच्या की नाही, ते त्या परिच्छेदानंतर ठरवा.