स्तनपुनर्रचना शस्त्रक्रिया आणि समदुःखी स्त्रियांचे अनुभवज्ञान : अमेरिकेतील एका परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती पद्धत कोणी, केव्हा आणि किती रुग्णांवर प्रथम वापरली, याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात. रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर आल्यानंतरचे सहा-आठ आठवडे मात्र या इतिहासात क्वचितच डोकावतात. हात किती दिवसांनी डोक्यापर्यंत जातो, कुशीवर केव्हा झोपता येते, आरशात पहिल्यांदा पाहताना काय वाटते, हे कोणाला ठाऊक होते आणि ते एकीकडून दुसरीकडे कसे पोहोचले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या आणि पुढे त्याची पुनर्रचना करून घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीव्रतेने उभा राहिला. म्हणून विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः त्या देशापुरते ठेवले आहे.

पुनर्रचनेच्या निर्णयात आज स्त्रीच्या मताला जे स्थान आहे, ते केवळ शस्त्रतंत्राच्या प्रगतीने मिळालेले नाही. एका रुग्ण स्त्रीने दुसरीला सांगितलेल्या ज्ञानाचा त्यात मोठा वाटा आहे. विशेष म्हणजे, ज्या उपक्रमाने हे ज्ञान प्रथम रुग्णालयाच्या खोलीत नेले, त्यानेच त्याला मौनाची अटही घातली होती.

हालस्टेड यांची पद्धत आणि तिच्यामागचे मौन

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हालस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्रितपणे काढून टाकण्याची ही पद्धत पुढे सुमारे पाऊणशे वर्षे अमेरिकेत प्रमाण मानली गेली. छातीची जागा खोलगट होई, बरगड्या त्वचेखाली दिसू लागत, अनेकींचा हात सुजून जड होई. पुनर्रचनेचा विचार तर दूरच राहिला. जागा झाकली तर परतलेला रोग दिसणार नाही, अशी भीती शल्यविशारदांच्या मनात घर करून होती. इटलीतील इजिनिओ टान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा स्नायू त्वचेसह फिरवून छातीवर आणण्याची पद्धत वर्णिली होती. ती जवळजवळ विस्मृतीत गेली आणि १९७० च्या दशकात तिचा पुन्हा शोध लागला. चांगली कल्पना सात दशके अडगळीत पडून राहते, तेव्हा तिच्या तांत्रिक उणिवांपेक्षा तिच्या काळातील अधिकाराची रचना तपासणे अधिक उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्या काळातील आणखी एक प्रथा लक्षात घ्यावयास हवी. गाठीची तपासणी आणि स्तनच्छेदन ही दोन्ही एकाच भुलीखाली उरकली जात. गाठीचा तुकडा तातडीने तपासला जाई आणि कर्करोग आढळल्यास शस्त्रक्रिया तशीच पुढे चालू राही. स्तन शिल्लक असेल की नाही, हे ठाऊक नसताना स्त्री झोपी जाई. उत्तर तिला जाग आल्यावर पट्ट्या चाचपून कळे. पूर्वतयारी हा शब्दच अशा व्यवस्थेत निरर्थक होता.

टेरीज लॅसर : रबरी चेंडू आणि दोरी

न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर यांच्यावर १९५२ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. हात कसा हलवावा, कपड्यांचे काय करावे, पतीशी काय बोलावे, यांपैकी कशाचेही उत्तर त्यांना मिळाले नाही. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. व्यायामासाठी रबरी चेंडू व दोरी आणि कपड्यांत घालावयाचा तात्पुरता कृत्रिम स्तन हे त्यांचे साहित्य. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढत हात उंच नेणे हा त्यांच्या व्यायामांपैकी एक. त्यांनी आपल्या उपक्रमास 'रीच टू रिकव्हरी' हे नाव दिले. बरे होण्यापर्यंत पोहोचणे असा त्याचा अर्थ, आणि भिंतीवर चढणाऱ्या हातालाही तो शब्द लागू पडतो.

वैद्यकीय व्यवसायाने या बाईंचे स्वागत केले नाही. परवानगीवाचून रुग्णाच्या खाटेपाशी जाणारी, पदवी नसलेली स्त्री शल्यविशारदाच्या अधिकारात ढवळाढवळ करते, अशी भावना होती. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला, तो विशिष्ट चौकटीत बसवूनच. शल्यविशारदाच्या संमतीनेच स्वयंसेविकेने भेटावे आणि उपचारांविषयी, अर्थात शस्त्रक्रिया योग्य होती की नाही याविषयी, काहीही बोलू नये, असे नियम होते. स्वयंसेविका नीटनेटक्या पोशाखात येई. दोहोंपैकी कोणता स्तन कृत्रिम आहे हे ओळखता येऊ नये, हाच तिचा मुख्य संदेश असे.

आजच्या वाचकाला हे मौन भित्रेपणाचे वाटेल. परंतु नियम पाळल्यामुळेच रुग्णालयाचे दार उघडले, हेही तितकेच खरे. लॅसर यांच्या आधी खाटेपाशी येऊन 'मीही यातून गेले आहे' असे म्हणणारे कोणी नव्हते.

कुश्नर यांचा प्रश्न

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनच्छेदनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. मौन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर फुटले ते येथे. त्याच वर्षी रोझ कुश्नर या पत्रकार स्त्रीला स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी व्हाव्यात, मधल्या काळात विचार करता यावा, एवढीच त्यांची मागणी. ती मान्य करणारा शल्यविशारद शोधताना त्यांना अनेक नकार पचवावे लागले. फोर्ड यांच्या बाबतीतही तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, यासाठी त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाशी संपर्क साधला होता. निर्णय राष्ट्राध्यक्षांनी घेतला आहे, असे उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे नमूद केले. स्तन पत्नीचा आणि निर्णय पतीचा, ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

१९७५ मध्ये त्यांनी आपला अनुभव आणि संशोधन एकत्र गुंफून पुस्तक प्रसिद्ध केले. १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळावर त्या सदस्य होत्या. तपासणी व शस्त्रक्रिया हे दोन स्वतंत्र टप्पे असावेत आणि हालस्टेड यांची पद्धत सर्वसाधारण उपचार म्हणून वापरली जाऊ नये, अशी शिफारस या मंडळाने केली. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालील चाचण्यांनी या भूमिकेला शास्त्रीय आधार पुरवला. केवळ गाठ काढून किरणोपचार केल्यास आयुर्मानात फरक पडत नाही, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घडामोडींचे महत्त्व निराळे आहे. दोन टप्प्यांच्या मध्ये काही दिवस मोकळे झाले. त्या दिवसांत स्त्री दुसऱ्या मताचा शोध घेऊ शकली, पुनर्रचनेविषयी विचारू शकली आणि मुख्य म्हणजे या वाटेने आधी गेलेल्या स्त्रीशी बोलू शकली. पूर्वतयारीला काळ लागतो, आणि तो काळ कुश्नर व त्यांच्यासारख्या स्त्रियांनी मिळवून दिला.

लॉर्ड यांचा नकार

कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्यावर १९७८ मध्ये स्तनच्छेदनाची शस्त्रक्रिया झाली. 'रीच टू रिकव्हरी'ची स्वयंसेविका लोकरीचा हलका गुलाबी गोळा घेऊन त्यांच्याकडे आली. लॉर्ड यांनी तो नाकारला. पुढे शल्यविशारदाच्या दवाखान्यात परिचारिकेने त्यांना सुचविले की, कृत्रिम स्तनाशिवाय येण्याने तेथील वातावरणावर वाईट परिणाम होतो. १९८० मध्ये प्रकाशित झालेल्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात त्यांनी या प्रसंगांचे विश्लेषण केले आहे. त्यांचा आक्षेप सांत्वनाला नव्हता, लपविण्याला होता. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया एकमेकींना ओळखूच शकल्या नाहीत, तर त्या एकत्र कशा येणार, असा त्यांचा सवाल होता. आपल्यासारखी, म्हणजे कृष्णवर्णीय आणि समलिंगी, स्त्री या वाटेवर कोठे आहे, हाही प्रश्न त्यांनी विचारला. समदुःखी म्हणजे नेमके कोण, याची चर्चा येथून पुढे टाळता येणार नव्हती.

पुनर्रचनेचे तंत्र

दरम्यान शस्त्रतंत्र वेगाने बदलत होते. ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी १९६२ मध्ये सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण केले. स्तनच्छेदनानंतर त्वचेखाली असे रोपण करण्याचा वृत्तान्त १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये चेडोमिर राडोव्हान यांनी त्वचा हळूहळू ताणणाऱ्या फुग्याचा, तर कार्ल हार्टरॅम्फ यांनी पोटाचा स्नायू, चरबी व त्वचा वर आणून स्तन घडविण्याचा वृत्तान्त दिला. १९९० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट ॲलन यांनी पोटाचा स्नायू जागीच ठेवून केवळ त्वचा व चरबी सूक्ष्म रक्तवाहिन्यांसह हलविण्याची पद्धत रूढ केली.

रक्तपुरवठा कायम ठेवून शरीराचा एक भाग दुसरीकडे नेण्याचे हे तत्त्व मराठी वाचकाला सर्वस्वी परके वाटू नये. पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक घडविल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली होती आणि आधुनिक युरोपीय पुनर्रचना शल्यशास्त्राला तिने चालना दिली. ती शस्त्रक्रिया करणाऱ्या कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

तयारीचे आणि बरे होण्याचे ज्ञान

प्रत्येक पद्धतीबरोबर रुग्णाच्या वाट्याला नवे काम आले. फुग्याच्या पद्धतीत काही आठवड्यांच्या अंतराने सलाइन भरून घेण्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक वेळी छाती आवळल्यासारखी होते, आणि शेवटी कायमच्या रोपणासाठी दुसरी शस्त्रक्रिया असतेच. किरणोपचार झाले असल्यास रोपणाभोवतीचे आवरण कडक होण्याचा धोका वाढतो. पोटाच्या ऊती वापरल्यास पहिले एक-दोन दिवस नव्या स्तनाचा रंग, ऊब व रक्तप्रवाह वारंवार तपासला जातो आणि पोटाची त्वचा ताणलेली असल्याने काही दिवस वाकून चालावे लागते. धूम्रपान आधीच सोडावे लागते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हलविलेली ऊती मृत होऊ शकते.

एवढे शल्यविशारद सांगतो. जखमेतील स्राव वाहून नेणाऱ्या नळ्या सदऱ्याला आतून पिनेने कशा अडकवाव्यात, रोजचे मोजमाप वहीत कसे लिहावे, समोर बटणे असलेले कपडे आधीच का काढून ठेवावेत, फळीवरील भांडी कमरेच्या उंचीवर का आणावीत, पलंगापेक्षा आरामखुर्चीत झोप का बरी लागते, हे तपशील स्त्रियांकडून स्त्रियांकडे गेले. त्यांतील काही तर अत्यंत गंभीर आहेत. नव्या स्तनाला स्पर्शाची जाणीव बहुधा पूर्ववत येत नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवल्याने न कळत भाजल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. 'छान दिसेल' या आश्वासनात 'जाणवणार नाही' हे वाक्य अनेकदा गळून पडत असे.

शिकागो परिसरात १९७८ मध्ये मिमी कॅप्लन आणि ॲन मार्कू यांनी सुरू केलेल्या 'वाय-मी' या संस्थेने दूरध्वनीवरून असा संवाद चालविला. ती २०१२ मध्ये बंद पडली. आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांसाठी स्यू फ्रीडमन यांनी १९९९ मध्ये 'फोर्स' ही संस्था स्थापन केली. अशा संस्थांच्या मेळाव्यांतून आणि २०११ मध्ये टोरांटोला सुरू झालेल्या स्तनपुनर्रचना जागृती दिनाच्या कार्यक्रमांतून एक प्रथा रुळली : बंद खोलीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया आपली छाती इच्छुक स्त्रियांना दाखवितात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. शल्यविशारदाच्या निवडक छायाचित्रांत न दिसणारा व्रण येथे जवळून दिसतो. लॅसर यांच्या स्वयंसेविकेचे सारे कौशल्य काही न दिसू देण्यात होते. दोन पिढ्यांत हे चित्र पूर्णपणे उलटले.

साक्ष, कायदा आणि मर्यादा

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने स्तनच्छेदनाचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर पुनर्रचना, दुसऱ्या स्तनाची समतोल शस्त्रक्रिया, कृत्रिम स्तन आणि हातसुजेसारख्या गुंतागुंतीचे उपचार यांचा खर्चही बंधनकारक केला. सिलिकॉनच्या रोपणांविषयी मात्र रुग्ण स्त्रियांची साक्ष एकमुखी नव्हती. १९९२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने त्यांवर निर्बंध घातले, तेव्हा काही स्त्रिया आपल्या व्याधी सांगत होत्या, तर कर्करोगातून उठलेल्या काही जणी हा पर्याय हिरावला जाऊ नये म्हणून बोलत होत्या. पुनर्रचनेसाठी तो मर्यादित स्वरूपात उपलब्ध राहिला आणि २००६ मध्ये निर्बंध उठले. पुढे खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांचा एका दुर्मीळ लसिकाकर्करोगाशी संबंध स्पष्ट होत गेला व २०१९ मध्ये एका मोठ्या उत्पादकाने ती जगभरातून मागे घेतली. २०२१ पासून रोपणापूर्वी धोक्यांची सूची रुग्णासमोर ठेवून चर्चा करणे अमेरिकेत आवश्यक झाले आहे.

अनुभवज्ञानाला मर्यादा आहेत, हे यावरून दिसते. एकीला आठ दिवसांत जमलेली गोष्ट दुसरीला दोन महिन्यांतही जमत नाही. बंद खोलीत छाती दाखवायला समाधानी स्त्रीच अधिक संख्येने पुढे येण्याची शक्यता असते. पुनर्रचना न करण्याचा निर्णय घेतलेली स्त्री तेथे बराच काळ अनुपस्थित होती. १९९८ च्या कायद्यातही छाती सपाट, नीट बेतून शिवण्याचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. अनेक स्त्रियांनी एकमेकींना दाखविलेल्या व्रणांतून आणि सुरकुतलेल्या, अर्धवट सोडलेल्या त्वचेच्या तक्रारींतून ही मागणी पुढे आली. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आपल्या शब्दकोशात अशा सपाट बंदिस्तीची स्वतंत्र व्याख्या समाविष्ट केली. 'द कॅन्सर जर्नल्स'च्या प्रकाशनाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.