डीएनएस बिघाड (कार्यालयीन संगणकावरील)

संगणक जाळ्याला जोडलेला असूनही संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता न मिळणे. इंटरनेटवरील यंत्रे परस्परांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा काढून देण्याचे काम डीएनएस ही यंत्रणा करते. पूर्वी सगळी नावे एकाच फाइलमध्ये असत आणि ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून मिळे. जाळे वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी अनेक सर्व्हरांत वाटणारी रचना मांडली. तीच आज चालते. देवनागरीतील ‘.भारत’ ही नावे २०१४ पासून मिळू लागली.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी हा बिघाड थेट माणसांच्या कामावर येतो. सातबारा, दाखल्यांचे अर्ज, पीक विमा ही कामे आता ऑनलाइन होतात. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ एवढ्या उत्तरावर शेतकऱ्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात. पुष्कळदा सर्व्हर चालूच असतो, दोष कार्यालयातल्या टेबलावर असतो. त्यामुळे माणसाला परत पाठवण्याआधी दोष शोधणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्यच मानले पाहिजे.

प्रथम वीज आणि दिवे पाहावेत. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर केबलमधून प्रकाशच येत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की असे होते, आणि तेव्हा संगणकाच्या सेटिंगला हात लावून उपयोग नाही. दिवे ठीक असतील, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वायर किंवा राउटर तपासावा.

खरी पारख यापुढे आहे. आधी राउटरला, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला ‘पिंग’ करावे. आकड्याला उत्तर येते, पण कुठलेच संकेतस्थळ नावाने उघडत नाही, म्हणजे दोष बहुधा डीएनएसमध्ये आहे. पिंगला उत्तर नाही म्हणून संकेतस्थळ बंद, असे मात्र समजू नये. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देऊन तेच नाव आधी नेहमीच्या सर्व्हरला, मग ८.८.८.८ ला विचारावे. दुसरा सांगतो आणि पहिला गप्प राहतो, तर नेमलेला सर्व्हर बदलावा. जाळे वरिष्ठ कार्यालयाच्या ताब्यात असेल, तर त्यांना विचारूनच. दोन्ही बरोबर पत्ता देत असतील, पण ब्राउझर जुन्याच पत्त्यावर जात असेल, तर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ या आज्ञेने संगणकात साठवलेली उत्तरे पुसावीत. एकच संकेतस्थळ चुकत असेल, तर संगणकातल्याच होस्ट्स या नाव-पत्त्यांच्या फाइलमध्ये कोणी जुनी नोंद ठेवली आहे का, तेही पाहावे.

जुन्या संगणकात मदरबोर्डवरील बटण-सेल संपला की तारीख मागे जाते. मग नाव सापडते, जाळेही चालते, पण सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरून पान उघडत नाही. हा डीएनएसचा दोष नव्हे. तरीही यावर तासन्‌तास नेट तपासले जाते, म्हणून घड्याळाकडे आधीच पाहावे.

कुठलाही बदल करण्यापूर्वी जुने आकडे वहीत लिहून ठेवावेत. तक्रार नोंदवताना ‘नेट नाही’ एवढेच न सांगता दिव्यांची स्थिती, संगणकाचा पत्ता, पिंगचे उत्तर आणि एनएसलुकअपचे उत्तर सांगावे.