दातांची मापे आणि चेहऱ्यांचे नमुने

वेड्यावाकड्या दातांवर उपचार करणाऱ्या शास्त्राला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. हे शास्त्र आधुनिक मानले जात असले तरी त्यामागील प्रश्न फार जुना आहे. दात वाकडा आहे हे कशावरून ठरवायचे आणि तो सरळ करताना नमुना कोणाच्या चेहऱ्याचा धरायचा, हाच तो प्रश्न होय.

कॉर्डोव्हाजवळील मदीनतुज्जहरा येथील हकीम अबुल कासिम अल-झहरावी (सुमारे ९३६-१०१३) यांच्या 'किताबुत्तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात जागा सोडून उगवलेल्या दातांविषयी स्वतंत्र विवेचन आढळते. असे दात चेहऱ्याची शोभा घालवतात, हे नोंदवून त्यांनी दात काढणे, कापणे व घासणे असे उपाय सांगितले. घासण्यासाठी हिंदी लोखंडाची बारीक कानस वापरावी आणि दात हलू नये म्हणून हे काम अनेक दिवस थोडे थोडे करावे, अशी त्यांची सूचना आहे. बाराव्या शतकात तोलेदो येथे या शस्त्रक्रियाविभागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि तो युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. तथापि अल-झहरावींची पारख ही हकिमाच्या नजरेची होती; मोजमापाची पद्धत तेव्हा नव्हती.

दात घासण्याऐवजी तो सरकवण्याचा मार्ग पॅरिसचे पिएर फोशार यांनी १७२८ च्या ग्रंथात मांडला. धातूच्या भोके असलेल्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते रांगेत आणावेत, अशी ती युक्ती होती. पारखीला शास्त्रीय चौकट मात्र १८९९ मध्ये मिळाली. अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी वरची व खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते, यावरून दंतरचनेचे तीन वर्ग केले. ही वर्गवारी आजही शिकवली जाते. दात न काढता सर्व बत्तीस दात जागेवर बसवावेत, असा त्यांचा आग्रह होता. सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून त्यांच्यापुढे अपोलोचा प्राचीन पुतळा होता. परंतु त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना असे उपचार झालेल्या अनेक रुग्णांचे ओठ पुढे आलेले व दात पुन्हा सरकलेले दिसले. तेव्हा त्यांनी उपदाढा काढून त्या रुग्णांवर फेरउपचार केले.

१९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी ठराविक अंतरावरून कवटीचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. त्यामुळे जबड्यांचे कोन अंशांत मोजता येऊ लागले. १९४८ मध्ये डाउन्स यांनी 'सामान्य' चेहऱ्याची मापे प्रसिद्ध केली. त्यांचा आधार होता उत्तम दंतरचनेची केवळ वीस गोरी अमेरिकन मुले-मुली. १९५३ मध्ये स्टायनर यांनी वरच्या जबड्यासाठी ८२, खालच्यासाठी ८० आणि दोहोंतील फरकासाठी २ अंश ही मापे दिली. मोजणी अचूक झाली. परंतु मोजपट्टी एका समाजाची राहिली.

भारतात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले. त्यांनी स्वतः अमेरिकेत आयोवा येथे शिक्षण घेतले होते. दंतवैद्य येथेच घडावेत, हा त्यांच्या कार्याचा अर्थ होता. येथे शिक्षणाची सोय झाल्यावरच येथील चेहऱ्यांचे संशोधन शक्य झाले. १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. भारतातील निरनिराळ्या समूहांवर झालेल्या अनेक अभ्यासांत पुढचे दात अमेरिकन मापांपेक्षा अधिक पुढे झुकलेले आढळले. अशा निरोगी मुलाला परक्या मापाने तपासले, तर त्याची नैसर्गिक ठेवण दोष ठरते आणि गरज नसता चांगल्या उपदाढा काढल्या जाण्याचा धोका निर्माण होतो.

आज संगणक क्ष-किरण चित्रावरील खुणा स्वतः ओळखतो व कोन क्षणात सांगतो. पण त्या कोनांची तुलना कोणत्या चेहऱ्यांशी करायची, हे माणसालाच ठरवावे लागते. नव्या यंत्राला जुनीच मापे पुरवली, तर जुनी चूक अधिक वेगाने होईल, एवढेच. म्हणून आपल्या भागातील मुलांची मापे नोंदवणे हे दंतमहाविद्यालयांतील संशोधकांचे दुय्यम नव्हे, तर पायाभूत काम आहे.